नारळाच्या वड्या

"घे की अजून एक," आई म्हणाली. "खोबरं ताजं आहे."

मी दुसरी वडी तोंडात टाकली आणि कागद अप्पांच्या पुढे सरकवले. "इथं सही करा आणि खाली तारीख घाला. बाकी सगळं मी भरलंय."

अप्पांनी चष्मासुद्धा लावला नाही. कागद उचलले, न वाचताच त्यांची घडी सारखी केली आणि पुन्हा टीपॉयवर ठेवून दिले.

"असू दे. बघू."

"बघू म्हणजे? परवा शेवटचा दिवस आहे अप्पा."

"बघू म्हटलं न्हवं का, तेजू."

आई लगेच उठून वड्यांचा डबा भरायला लागली. आमच्याकडे वाद होणार असं दिसलं की आईला स्वयंपाकघरातलं काम आठवतं. मी तणतणत बाहेर पडले, पण डबा तेवढा घेतला, कारण वड्या फार छान झाल्या होत्या. त्या दोन वड्यांची मला पुढे कितीतरी वर्षं चीड येत राहिली.

मी कोल्हापुरात वकिली करते. अप्पा फाउंड्रीला लागणारी वाळू पुरवायचे, आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे उदयरत्न फाउंड्री. पंपांची कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, करणारा हा कारखाना बापूसाहेब रणनवरे यांचा. त्यांच्यावर गावाचा भारी जीव. पण बँकेचे हप्ते थकले, बँक न्यायाधिकरणात गेली आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. बापूसाहेबांचे अधिकार गोठले, कारभार न्यायाधिकरणानं नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. कंपनीकडून ज्यांचं येणं आहे त्यांनी पुराव्यासह क्लेम दाखल करावा, अशी त्यानं पेपरात नोटीस दिली.

कायदा तेव्हा नवा होता आणि एका बाबतीत फार निष्ठुर होता, अजूनही आहे. पुढे कुणीतरी ती कंपनी घेतो, त्याची योजना मंजूर होते, आणि ज्यांचा क्लेम यादीत नाही त्यांचं येणं त्याच दिवशी संपतं. मागाहून पोतंभर बिलं आणून ओतलीत तरी उपयोग नाही. उशिराच्या अर्जांसाठी दिलेली सवलतही परवा संपत होती. बँकांचे वकील मुंबईहून विमानानं येतात. वाळूवाल्याला, ट्रकवाल्याला कोण विचारतो? म्हणून मी या लहान पुरवठादारांना गोळा केलं होतं, प्रत्येकाचे कागद स्वतः बसून तयार केले होते. फक्त सह्या व्हायच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दत्ता भोपळेंकडे गेले. त्यांचे ट्रक उदयरत्नचा माल पुण्याला न्यायचे. भोपळे अंगणातच उभे होते. त्यांनी माझेच कागद माझ्या हातात दिले, सहीची जागा कोरी.

"आमचं राहू द्या वकीलबाई."

"का? काय झालं?"

"झालं काय न्हाई. आपलीच माणसं हाईत ती. आपल्या माणसावर कुठं दावा लावायचा?"

"परवापर्यंत तर तुम्ही त्यांना शिव्या घालत होता."

भोपळे माझ्याकडे न बघता टायरला पाय लावून हवा बघत राहिले. तेवढ्यात त्यांची बायको बशी घेऊन आली. "बसा की ताई. वडी घ्या. ओल्या नारळाची आहे."

मी बशीकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरून आत बघितलं. देवळीत नवा कोरा खण ठेवला होता आणि त्यावर कुंकू लागलेले तांदूळ. मी वडी उचलली नाही.

गाडीत बसून मी बाकीच्यांना फोन लावले. एकानं उचलला नाही. दुसऱ्यानं उचलला आणि माझा आवाज ऐकून बायकोकडे दिला. तिसरा म्हणाला, तो जेजुरीला निघालाय. त्याच्या मागं उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधली लेथ मला स्पष्ट ऐकू येत होती.

तिथून मी तडक शालनताईंच्या शेडवर गेले. शालन सुतार, बाळू मिस्त्रींची बायको. मिस्त्री पॅटर्न करायचे. ओतकामाआधी हव्या त्या भागाचा लाकडी नमुना करतात, वाळूत त्याचा ठसा घेतात आणि त्या ठशात लोखंड ओततात. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. उदयरत्नच्या पंपांचे जवळजवळ सगळे पॅटर्न मिस्त्रींच्या हातचे. पॅटर्न मिस्त्रीचा, ठेवायला गोदाम फाउंड्रीचं, आणि वापराल तसं भाडं, अशी त्यांची जुनी तोंडी पद्धत. मिस्त्री गेले, आणि त्या भाड्यावर शालनताई शेड आणि पोरगी दोन्ही सांभाळत होत्या. आता लेखी हक्क सांगितला नाही, तर गोदामातली प्रत्येक फळी कंपनीची धरली जाणार होती.

"कदमांच्या फाउंड्रीत बोलून आलीया मी," त्या म्हणाल्या. "पॅटर्न आणलं तर कामाला लावतो म्हणालेत. न्हाई मिळालं तर शेड भाड्यानं द्यायची आणि कुणाच्यात तरी चपात्या लाटायला जायचं. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

"मग आत्ता सही करा."

"करते की. सागवानाची जुनी बिलं आमची पुनम हुडकालीया. उद्या सगळं एकदमच द्यू."

"तुमच्याकडे कुणी आलं होतं?" मी विचारलं. "नारळ, खण घेऊन?"

त्या हसल्या. "म्हणजे तुमच्या कानावर आलं म्हणायचं. बापूसाहेबांची बायको, आपल्या वहिनीसाहेब, ओट्या भरत सुटल्यात. गल्लीत सगळ्यांच्या दारात त्यांची पांढरी गाडी थांबून गेली."

"ओटी भरली म्हणून लोक क्लेम सोडतात?"

"तुम्ही वकील झालाय, पण बाईच हाईसा न्हवं? आपल्या घरी आलेल्या सवाष्णीची ओटी आपण भरतो. ह्या उलट्या आपणच दुसऱ्याच्या दारात येऊन भराल्यात. अशी कोण येतंय? माहेरची भावजय येते. बापूसाहेब संगं असतात. पाटावर बसून जेवतात. उठताना घरच्या बाईला सगळ्यांसमोर म्हणतात, आजपासून ही माझी बहीण. झालं. मग तिच्या नवऱ्यानं मेव्हण्यावर दावा लावायचा व्हय?"

म्हणजे आईनं केलेल्या वड्या त्या नारळाच्या. आणि त्यातल्या दोन मी खाल्ल्या होत्या.

"तुमच्याकडे नाही आले?"

"माझी कोण ओटी भरतंय वकीलबाई?" त्या अगदी सहज म्हणाल्या आणि रंधा हातात घेतला. "पुतणीच्या लग्नात हळदीला मला मागच्या खोलीत बसवलं होतं. माझ्या दारात नारळ घेऊन कोण येतंय."

मला आनंद झाला. एका बाईला लोकांनी बाजूला सारलंय, म्हणून ती मोकळी राहिली याचा आनंद. माझी मलाच लाज वाटली, पण आनंद झाला हे खरं.

संध्याकाळी मी आई-अप्पांकडे गेले ती भांडायच्या तयारीनंच. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. काचा काळ्या, इंजिन बंद. मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं, पण मी जवळून गेले तरी ते हललं नाही.

बापूसाहेब अप्पांच्या खुर्चीत बसले होते. अप्पा समोर स्टुलावर. बापूसाहेबांचा परीटघडीचा शर्ट, दाराशी काढलेल्या साध्या चपला, हातात आमच्या घरचा कान तुटका कप. तो कप आई पाहुण्यांना कधी देत नाही, घरच्यांनाच देते.

"या वकीलबाई," ते म्हणाले. "वड्या कशा झाल्या होत्या?"

मी उभीच राहिले. "बापूसाहेब, तुम्ही लोकांना क्लेम करू देत नाही आहात."

"मी? मी कुणाला एका शब्दानं तरी बोललोय का? विचार अप्पांना. मी फक्त जेवायला गेलो."

अप्पांनी स्टूल थोडं मागं सरकवलं.

"कंपनी माझ्याकडंच परत येणार आहे, तेजू," ते अगदी मायेनं म्हणाले. "मी योजना देतोय. लहान उद्योगाच्या मालकाला कायद्यानं तशी मुभा आहे, तुला माहीतच आहे. आली की एकेकाचे पैसे घरपोच. यादीत गर्दी कशाला करायची?"

"मग तसं लेखी द्या."

"तेजू!" अप्पा ओरडले. मी शिवी दिल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

बापूसाहेब हसले. "बहिणीला लेखी देतात होय?" त्यांनी कप खाली ठेवला. "ओजस तिसरीत ना तुझा? त्या शाळेच्या संस्थेवर आहे मी. बाई सांगत होत्या, हुशार आहे म्हणून. खिडकीजवळ बसतो."

ओजसचं नाव मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तो कुठं बसतो हे मलाही माहीत नव्हतं.

"आणि ती मिस्त्रीची बायको," ते उठता उठता म्हणाले. "तिला सांग, पॅटर्न म्हणजे लाकूडच शेवटी. गोदामात वाळवी आहे. वायरिंग जुनं आहे. इतके दिवस मी जपत आलो. आता कारभार माझ्याकडं नाही, मी किती जपणार? पॅटर्नशिवाय फाउंड्री म्हणजे नुसती भट्टी आणि चार भिंती. ते माझंही नुकसान, तिचंही."

"ती सही करणार आहे," मी म्हटलं.

"तिच्याकडं जायचं राहिलंय अजून आमचं."

"तिथं कुणाची ओटी भरणार?"

ते चपला घालत होते. "वहिनीसाहेब बघतील," म्हणाले आणि गेले.

आई दारात उभी होती. मी तिला विचारलं, "तुला हे पटतंय?" ती म्हणाली, "माझे भाऊ गेल्यापासून माझ्या दारात माहेरचं म्हणून कुणी आलं नव्हतं गं." कागद टीपॉयवर होते तसेच होते. वर आईनं फुलदाणी ठेवली होती.

शेवटच्या दिवशी सकाळीच मी उद्यमनगरात पोचले. ई-मेलनं क्लेम पाठवायला संध्याकाळपर्यंत वेळ होता, पण मला धीर नव्हता. गल्लीत वळले तर पांढरी गाडी शेडच्या दाराला लागून उभी. आत करवतीचा आवाज नव्हता. दोन्ही कारागीर बाहेर कठड्यावर बसले होते आणि मला बघून त्यांनी माना खाली घातल्या.

आत शालनताई पाटावर बसल्या होत्या. समोर वहिनीसाहेब. जरीची साडी लाकडाच्या भुशात पसरली होती आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदी-कुंकवाची कोयरी. बापूसाहेब कामाच्या टेबलाशी स्टुलावर. टेबलावर क्लेमचे कागद, सागवानाची बिलं आणि पॅटर्नचे फोटो नीट लावून ठेवलेले. पुनम भिंतीला टेकून उभी होती.

"मी हे मानत नाही शालनताई," वहिनीसाहेब म्हणत होत्या. "नवरा गेला म्हणून बाईची बाई राहत नाही का? कुणी ठरवलं हे? मी भरणार तुमची ओटी. बघू कोण काय म्हणतंय ते."

हीच वाक्यं मी महिलादिनाच्या भाषणात बोलले होते. टाळ्या घेतल्या होत्या. आता तीच वहिनीसाहेबांच्या तोंडून ऐकत होते.

वहिनीसाहेबांनी बोट कुंकवात बुडवलं आणि शालनताईंच्या कपाळाला लावलं. शालनताईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. "मिस्त्री गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणी हात लावला न्हवता," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

नारळ पदरात पडला. मग तांदूळ, मग खण. मी दारातच उभी होते. घेऊ नका, असं कुठल्या तोंडानं म्हणणार होते? या बाईला कित्येक वर्षांनी कुणीतरी माणसात घेत होतं. माझ्याकडे तिला द्यायला एक फॉर्म होता. हरलो आपण, असं मला वाटलं, आणि इतकं वाईट वाटलं की रडूच यायला लागलं.

"आजपासून शालन माझी बहीण," बापूसाहेब म्हणाले. बाहेरच्या कारागिरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. मग त्यांनी टेबलावरचे कागद उचलले आणि माझ्यापुढे धरले. "वकीलबाई, हे आता लागणार नाहीत."

शालनताई उठल्या. पदराची गाठ मारून नारळ कमरेशी खोचला. वाकून वहिनीसाहेबांच्या पाया पडल्या, मग बापूसाहेबांच्या.

"दादा," त्या म्हणाल्या. "बहीण म्हणालासा न्हवं?"

"म्हणालो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग माहेरात माझा हिस्सा लागतोय." त्यांनी हात पुढे केला. "कागद इकडं द्या. वकीलबाई, पेन हाय काय?"

बापूसाहेब हसत होते, ते हसू तसंच राहिलं, पण कागद त्यांच्या हातातून सुटेनात. शालनताईंनी एकेक करून ते काढून घेतले. टेबलावर वाकून मी दाखवीन तिथं सही केली. बोटाला कुंकू लागलं होतं, त्याचा डाग सहीशेजारी उमटला.

बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचे डोळे अजून वाहतच होते.

"शालन," बापूसाहेब हळू आवाजात म्हणाले, "लाकूड आहे ते."

"व्हय दादा. म्हणून तर सही केली. लाकडाला काय झालं, तर बहीण पोरीला घेऊन तुमच्याच दारात येऊन राहील. हक्कानं."

वहिनीसाहेब रिकाम्या ताटाकडे बघत होत्या. मग त्या उठल्या आणि साडीचा भुसा न झटकताच गाडीत जाऊन बसल्या.

मी तिथंच बसून फोनवरून सगळं पाठवलं. पॅटर्नची मोजदाद करून गोदामाला प्रशासकानं आपलं कुलूप लावावं, असा अर्जही जोडला. दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. माझ्या पुरवठादारांपैकी एकट्या शालनताईंचा क्लेम दाखल झाला.

बाजारात त्यांची फार बदनामी झाली. ओटी घेऊन उलटली, असं बायका नळावर म्हणायच्या. सगळ्यात जास्त बोलायच्या त्या ओटी भरून घेतलेल्या बायका. शालनताईंच्या शेडला काम देणाऱ्यांनी काम थांबवलं. ओजसची शाळा मी त्याच महिन्यात बदलली.

पुढे बापूसाहेबांची योजना मंजूर झाली आणि कारखाना त्यांना परत मिळाला. यादीत नसलेलं सगळं येणं त्या आदेशानं पुसलं गेलं. पॅटर्न मात्र शालन सुतार यांच्या मालकीचे, ते त्यांना परत द्यावेत, असं त्याच आदेशात लिहिलेलं होतं.

ते आणायला शालनताईंनी टेंपो केला, आणि मी सोबत गेले. फाउंड्रीच्या गेटवर बाकावर अप्पा बसले होते. मला बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. ते सकाळपासून तिथं होते. बापूसाहेबांनी भेटून सांगितलं होतं, "अप्पा, माझ्या मनात आहे हो. पण आता यादीबाहेर कुणाला एक पैसा दिला, तर मीच अडकेन. कायदाच तसा आहे, तेजूला विचारा." घरी येऊन मला विचारायचा धीर होईना, म्हणून अप्पा बाकावर बसून राहिले होते.

पॅटर्न टेंपोत चढले. तेवढ्यात पांढरी गाडी गेटमधून बाहेर येऊ लागली. मागं वहिनीसाहेब होत्या. शालनताई पुढे झाल्या. त्यांच्या हातात ताट होतं, हे मी तेव्हाच बघितलं. खण, तांदूळ, नारळ, कुंकू.

"वहिनी," त्या खिडकीशी वाकून म्हणाल्या, "पदर करा. बहिणीच्या हातची ओटी घ्या."

गेटवर कामगार होते, हमाल होते, अप्पा होते. वहिनीसाहेबांनी ताटाकडे बघितलं, शालनताईंच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं. त्यांचा हात पदराकडे गेला आणि मधेच थांबला. मग काच वर गेली. गाडी निघून गेली.

शालनताई ताट तसंच धरून वळल्या. मग टेंपोच्या चाकाशी गेल्या, नारळ दगडावर आपटला, पाणी चाकावर ओतलं. नवी गाडी निघताना करतात तसं. खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले, हमालांना, पहारेकऱ्याला, मला. एक अप्पांच्या हातावर ठेवला.

अप्पा तो तुकडा मुठीत धरून बसले. टेंपो गेला, धूळ खाली बसली, तरी त्यांनी तो तोंडात घातला नाही.

"तेजू," ते म्हणाले, "तो कागद अजून आहे घरात. फुलदाणीखाली. आता सही केली तर काय होतं का गं?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"नाही अप्पा," मी म्हटलं. "आता काही होत नाही."